दहा एप्रिलचं पाकीट

ग्रीरचा फोन आला तेव्हा इर्मा बोडनारचे दोन्ही हात पिठात होते. नाताळला अजून दोन महिने होते, पण खसखशीचे रोल ती ऑक्टोबरातच करून गोठवून ठेवायची. आई तसं करायची म्हणून तीही करायची. तिने कोपराने फोनचा स्पीकर चालू केला.

“मिस बोडनार, ग्रीर बोलतोय. संघाचा अध्यक्ष.”

“अध्यक्ष झालास हे ठाऊक आहे मला. मत दिलं होतं तुला. बोल.”

“लेलँड ऑस्टरमन गेले, ते कळलं असेल.”

“ऑगस्टात. पेपरात वाचलं.”

“त्यांचं कार्ड काढलं आज. त्यावर तुमचं नाव आहे.”

इर्माने लाटणं बाजूला ठेवलं. “नीट बघितलंस?”

“मलाही खरं वाटेना, म्हणून दोनदा बघितलं. ‘बोडनार’ एवढंच लिहिलंय. पण बोडनार आपल्याकडे दुसरं कोण आहे?”

टोलेडोत वकील शेकड्यांनी होते, पण फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या, कोर्टात उभे राहणारे चाळीस-पन्नासच. घटस्फोट, जमिनी, भांडणं सगळी गावच्या कोर्टात चालत. बँकेवरचे दरोडे, टपालातल्या चोऱ्या, सरकारविरुद्धचे दावे तेवढे इथे येत. त्यामुळे तीच चाळीस तोंडं जन्मभर एकमेकांसमोर. त्यांचा तो मॉमी खोरे फेडरल वकील संघ. महिन्यातून एकदा जेवण, वर्षातून एक सहल, कोर्टात न्यायाधीशाची जागा रिकामी झाली की उमेदवारांवर गुप्त अभिप्राय. आणि दर नोव्हेंबरात एका सकाळी कोर्टाचं कामकाज थांबवून, त्या वर्षी गेलेल्या सभासदांचं स्मरण. हे सगळं इतर गावांतही असतं. मात्र तिथे मृताबद्दल त्याचा भागीदार बोलतो, नाहीतर जावई. टोलेडोच्या संघात विरोधक बोलतो. मित्र चांगलंच बोलणार, त्यात काय मोठं. समोरच्या टेबलाशी बसून वीस वर्षं जो भांडला, माणूस त्याला खरा ठाऊक, असं संघ काढणाऱ्या म्हाताऱ्यांचं म्हणणं. संघात येताना प्रत्येकाने कार्डावर त्या विरोधकाचं नाव लिहायचं. दर जानेवारीत पत्र यायचं, कार्ड तपासा, बदल असल्यास कळवा. कितीतरी जण दर दोन वर्षांनी नाव बदलत. एखादा खटला फार वाईट हरला की बदलत.

“कार्ड कधीचं आहे?” इर्माने विचारलं.

“एकोणऐंशीचं. पण पत्ता दोनदा बदललाय. एकदा ब्याण्णव साली, एकदा दोन हजार पाच साली. त्यांच्याच अक्षरात. नावाची ओळ तशीच आहे. तुम्हाला जड जात असेल तर मी दुसऱ्या कोणाला...”

“मी बोलेन,” इर्मा म्हणाली.

फोन ठेवल्यावर पीठ तसंच टाकून ती जेवणाच्या खोलीत गेली. आईच्या भरतकामाचे टेबलक्लॉथ ज्या खणात होते, तो खण तिने उघडला नाही. नुसती हात ठेवून उभी राहिली. खणावर पिठाची चार बोटं उमटली.

लेलँड ऑस्टरमन सरकारी वकील होता. उंच, हडकुळा, हिवाळा-उन्हाळा तोच तपकिरी सूट. इर्मा बचावाची. एकोणऐंशी ते सत्त्याऐंशी या आठ वर्षांत दोघं एकतीस खटल्यांत समोरासमोर आले. त्यातले अकरा तिने जिंकले होते, आणि बचावाच्या वकिलाला अकरा म्हणजे फारच झाले.

“बोडनार,” तो कॉरिडॉरमध्ये गाठून म्हणायचा, “तुमचा अशील निर्दोष आहे, हे तुम्हाला सांगितलं कोणी? त्यानेच ना?”

“आणि तुमच्या साक्षीदाराने जे पाहिलं, ते त्याला दाखवलं कोणी, ऑस्टरमन? तुम्हीच ना?”

तो हसायचा नाही. फक्त डावी भुवई वर जायची. बायकांना कोर्टात ‘ताई जरा सांभाळून’ अशा सुरात बोलणारे पुष्कळ होते त्या काळी. ऑस्टरमन तिला नुसतं ‘बोडनार’ म्हणायचा, पुरुषांना म्हणावं तसं, आणि तिच्या उलटतपासणीवर तितक्याच जोरात हरकत घ्यायचा. हा मान इर्माने कधी बोलून दाखवला नाही, पण घरी येताना ती तो सोबत घेऊन यायची.

मग सत्त्याऐंशीचा एप्रिल आला. डॅरिल स्टोक्स नावाचा बावीस वर्षांचा पोरगा, बँकेवरच्या दरोड्याचा आरोप. खटल्याच्या तिसऱ्या दिवशी तपास अधिकारी पिंजऱ्यात होता, आणि बोलता बोलता त्याच्या तोंडून निघून गेलं की बँकेतल्या बाईने पहिल्याच दिवशी एक जबाब दिला होता. त्या जबाबातला दरोडेखोर ठेंगणा आणि चाळिशीचा. डॅरिल सहा फूट उंच. असा जबाब बचावाच्या हाती आधीच द्यावा लागतो, तो कायदाच आहे.

इर्मा उठली. “हा कागद मला मिळालेला नाही.”

“शुक्रवारी पाठवलाय,” ऑस्टरमन म्हणाला. “दहा तारखेला. माणसाच्या हाती.”

“पोच आहे?” न्यायाधीश हॉलिस यांनी विचारलं.

पोच नव्हती. जेवणाच्या सुट्टीत इर्माने ऑफिसात जाऊन डॅरिलची सगळी खोकी उपसली. पाकीट नव्हतं. ती परत आली, टेबलाशी उभी राहिली आणि म्हणाली, “हा कागद माझ्या ऑफिसात आलेला नाही. कोर्टाची अधिकारी म्हणून मी हे सांगते.”

त्या कोर्टात वकिलाला शपथ देत नसत. वकिलाने उभं राहून सांगितलं की ते शपथेवर सांगितल्यासारखंच धरत. संघातल्या माणसाने उभ्याने दिलेल्या शब्दासमोर दुसऱ्याने साक्षीदार आणायचा नाही, हेही कुठे लिहिलेलं नव्हतं, पण सगळे पाळत. या गोष्टीचा त्यांना फार अभिमान. बाहेरगावचे वकील आले की जेवताना आवर्जून सांगत.

ऑस्टरमनने तोंड उघडलं आणि मिटलं. हॉलिससाहेबांनी खटला काढून टाकला. ज्युरी बसलेली असल्यामुळे तो पुन्हा उभा राहणार नव्हता. मग ते ऑस्टरमनकडे वळले आणि भरल्या कोर्टात पाच मिनिटं बोलले. कोणत्याही सरकारी वकिलाने पुरावा दडवणं ही किती हीन गोष्ट आहे, असं. स्टेनोची बोटं चालू होती. ऑस्टरमन उभा राहून ऐकत होता, आणि त्याच्या तपकिरी सुटाच्या बाहीचं एक बटण लोंबत होतं. ते बटण इर्माला पस्तीस वर्षं दिसत राहिलं.

त्याच उन्हाळ्यात न्यायाधीशाची जागा रिकामी झाली. या खटल्याआधी त्या जागेसाठी ऑस्टरमनचं नाव सगळ्यांच्या तोंडी होतं. संघाच्या समितीत पाच जण, त्यातली एक इर्मा. ऑस्टरमनचं नाव निघालं तेव्हा ती उठून खोलीबाहेर गेली. माझं मत यात नको, म्हणाली. ती बाहेर गेली यातच सगळ्यांना काय ते कळलं, आणि चौघांनी नाव खोडलं. त्या बाहेर जाण्याचं तिला तेव्हा कौतुक वाटलं होतं. स्वतःचं.

तेव्हापासून तो तिला ‘मिस बोडनार’ म्हणू लागला.

नव्वद साली ऑफिस हलवताना जुनी खोकी जाळायला काढायची होती. निकाली निघालेल्या एका टपालचोरीच्या खटल्याची फाइल तिने झटकली, आणि आतून पिवळं पाकीट पडलं. सरकारी वकिलाच्या ऑफिसचं. वर तिच्या ऑफिसचा शिक्का, दहा एप्रिल. आणि शिक्क्याखाली कोपऱ्यात पेन्सिलने, तिच्याच अक्षरात, ‘पोचलं. इ. बो.’

मग तिला आठवलं. शुक्रवार होता. आईचा पंच्याहत्तरावा वाढदिवस. रिसेप्शनवरची पॅटी रजेवर, आणि टेबलावरचा टपालाचा ढीग इर्माने स्वतःच उभ्या उभ्या शिक्के मारत, सह्या करत उरकला होता. केक आणायचा होता. पाकीट न उघडता तिने हातातल्या फाइलमध्ये खुपसलं, आणि ती फाइल सोमवारी बंद झाली.

खोक्यांच्या मधे ती जमिनीवरच बसली. लगेच फोन करावा, असं वाटलं. फोन उचललाही. डॅरिलला आता काही होणार नव्हतं. तो सुटला होता, सुटायलाच हवा होता, आणि पुन्हा त्याला कोर्टात खेचता येत नव्हतं. तो शहराची बस चालवायचा आणि दर नाताळात तिला कॅलेंडर पाठवायचा. म्हणजे गप्प राहायला अशिलाचंही कारण नव्हतं. कारण तिचं एकटीचं होतं. त्या वर्षी ती संघाची पहिली बाई अध्यक्ष व्हायची होती.

तिने फोन खाली ठेवला. मग दिवस गेले, मग वर्षं. एकदा, चौऱ्याण्णवच्या हिवाळ्यात, कोर्टाच्या लिफ्टमध्ये दोघंच होती. तिने श्वास घेतला.

“मिस बोडनार,” तो म्हणाला, “कितवा मजला?”

“तिसरा,” ती म्हणाली.

लिफ्ट थांबली, आणि ती उतरली. पुढे किती वर्षं ती लिफ्ट मनात पुन्हा चालू करायची, आणि प्रत्येक वेळी काहीतरी दुसरं बोलायची.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ऑस्टरमनची मुलगी घरी आली. कॉरिन. बोलिंग ग्रीनला शाळेत शिकवायची, आता निवृत्तीला आली होती. इर्माला ती आठवत होती ती संघाच्या सहलीत पोत्याच्या शर्यतीत पडलेली पोर. डावी भुवई अगदी बापाची होती.

“बस ना,” इर्मा म्हणाली. “कॉफी घेशील? खसखशीचा रोल आहे. गोठवलेला, पण चांगला लागतो.”

“कॉफी चालेल. मी जास्त वेळ घेणार नाही तुमचा.” कॉरिनने कोट काढला नाही. “बाबांबद्दल तुम्ही बोलणार आहात असं ग्रीरनी सांगितलं. आम्हाला आश्चर्य वाटलं. मला वाटलं.”

“मलाही.”

“बोला तुम्ही, मी अडवायला आलेली नाही. फक्त एक मागणं आहे. सत्त्याऐंशीचा तो खटला काढू नका.”

इर्मा कॉफी ओतत होती. ती ओततच राहिली, आणि कॉफी कपातून बशीत सांडली.

“आईने एकदाच विचारलं होतं त्यांना,” कॉरिन म्हणाली. “जेवताना. ‘लेलँड, खरं सांग, ठेवून घेतलं होतंस का ते पाकीट?’ बाबांनी काटा खाली ठेवला. काही बोलले नाहीत. महिनाभर अभ्यासिकेत झोपले. आईने परत कधी विचारलं नाही. पण तिला खात्री नव्हती. तीन वर्षांपूर्वी ती गेली, तेव्हाही नव्हती.”

“आणि तुला?”

“मला कळून घ्यायचंच नाही आता. माणूस गेला. त्या खोलीत, त्या भिंतींना ते पुन्हा ऐकवू नका, एवढंच.” ती उठली. “मागे तुम्ही जिंकलात, त्याचा राग नाही मला. तुम्ही तुमचं काम केलंत.”

इर्माच्या जिभेवर सगळं होतं. खण चार पावलांवर होता. पण तिने म्हटलं, “रोल घेऊन जा बरोबर, कॉरिन. एकटीला संपत नाहीत.”

कॉरिन गेली. इर्मा टेबलाशी बसली. घरच्यांचीच इच्छा आहे, असं म्हणून गप्प बसता येत होतं, आणि ते शोभूनही दिसलं असतं. संघात सगळे म्हणाले असते, बोडनारबाई किती समजूतदार. ही वाट अशी समोर चालून आल्याचं पाहून तिला स्वतःचीच शिसारी आली. कॉरिनला फोन करून सांगावं, असंही तिने ठरवलं, आणि मग तेही मोडलं. ऑस्टरमनला बोल लागले ते भरल्या कोर्टात, स्टेनोच्या टाइपात. मग खरं काय ते स्वयंपाकघरात, कॉफीबरोबर सांगून कसं चालेल? जिथे घेतलं, तिथेच परत द्यायला हवं.

संध्याकाळी तिने खण उघडला.

स्मरणाच्या सकाळी कोर्टाबाहेरच्या कॉरिडॉरमध्ये संघाची मंडळी जमली होती. अर्धे चेहरे तिला ओळखीचे नव्हते. ग्रीर नवा टाय लावून आला होता.

“बोडनारबाई, पाच मिनिटांत आटपाल ना? मागच्या वर्षी पन्नासेक मिनिटं चाललं होतं एकाचं.”

“ते दोघं एकमेकांचे वैरी होते. वैऱ्याला बोलायला वेळ लागतो.”

“आणि तुम्ही?”

कॉरिन भिंतीशी उभी होती. इर्मा तिच्याकडे गेली.

“तू म्हणालीस ते मी ऐकणार नाही, कॉरिन. तो खटला मी काढणार आहे.”

कॉरिनचा चेहरा आवळला. “मी तुमच्या घरी येऊन हात पसरले.”

“हो. पण उठून जाऊ नकोस. शेवटपर्यंत बस. मग मला काय बोलायचं ते बोल.”

न्यायाधीश फिलिस डोरन आणि दुसरे तिघे न्यायाधीश न्यायासनावर येऊन बसले. त्या वर्षी तीन सभासद गेले होते. ऑस्टरमनचं नाव शेवटी आलं. इर्मा काठी टेकत पुढे गेली. एकतीस खटले तिने थोडक्यात सांगितले. तपकिरी सूट सांगितला, भुवई सांगितली. लोक हसले. एकदा ऑस्टरमनच्या साक्षीदाराला चक्कर आली होती, तेव्हा त्याने कोर्टाला विचारलं होतं की हे बोडनारच्या प्रश्नामुळे झालं, याची नोंद घेता येईल का. न्यायाधीश डोरनही हसल्या.

मग इर्माने पर्समधून पिवळं पाकीट काढलं.

“पुढचं नोंदीवर घ्यावं, एवढं मागते.”

“आज सगळंच नोंदीवर आहे, मिस बोडनार,” डोरन म्हणाल्या.

“ठाऊक आहे. तरी मागते.” तिने चष्मा नीट केला. “चौदा... नाही, पंधरा एप्रिल एकोणीसशे सत्त्याऐंशी. सरकार विरुद्ध डॅरिल स्टोक्स. मी याच टेबलाशी उभी राहून सांगितलं की बँकेतल्या साक्षीदाराचा जबाब माझ्या ऑफिसात आला नाही. आला होता. दहा तारखेला आला होता. शिक्का मी मारला, पोच मी लिहिली, आणि न उघडता दुसऱ्या फाइलमध्ये घातला. मी तेव्हा जाणूनबुजून खोटं बोलले नाही. पण नव्वद साली हे पाकीट मला सापडलं, आणि तेव्हापासून मी जाणूनबुजून गप्प बसले. बत्तीस वर्षं. लेलँड ऑस्टरमन यांनी काहीही दडवलं नव्हतं. या कोर्टाने त्यांना जे सुनावलं, ते माझ्या शब्दावर विसंबून. संघाने त्यांचं नाव खोडलं, तेही माझ्यामुळे.”

मागे कोणीतरी खोकलं. स्टेनोची बोटं एक क्षण थांबली आणि पुन्हा चालू झाली. इर्माला वाटलं होतं, बोलून झाल्यावर छाती हलकी होईल. तसं काही झालं नाही.

न्यायाधीश डोरन खाली वाकून शेजारच्याशी काही बोलल्या. मग म्हणाल्या, “पाकीट क्लार्ककडे द्या. न्यायाधीश हॉलिस हयात नाहीत. त्यांचे शब्द मागे घ्यायचा मला अधिकार आहे की नाही, हे आज मला सांगता येत नाही. मिस बोडनार यांनी हे सांगितलं आणि आम्ही ऐकलं, एवढी नोंद होऊ द्या.”

क्लार्कने पाकीट उलटसुलट केलं. जागा शोधली, आणि जुन्या शिक्क्याखाली आजच्या तारखेचा शिक्का मारला.

रिवाजाप्रमाणे सगळे मिनिटभर उभे राहिले. इर्मा उभीच होती.

जेवण कोर्टासमोरच्या जुन्या क्लबात होतं. तळलेला पर्च मासा, कोबीची कोशिंबीर, दरवर्षीचंच. इर्माच्या टेबलावर कोणी बसलं नाही. ग्रीर येऊन “पाणी आणू का?” एवढं विचारून गेला. संघाची शिस्त समिती तिला पत्र पाठवणार होती, आणि पाठवावंच, असं तिलाही वाटत होतं.

मग खुर्ची सरकली. कॉरिन समोर बसली. डोळे सुजले होते.

“आईला सांगायला हवं होतंत,” ती म्हणाली.

“हो.”

“मला त्या दिवशी सांगायला हवं होतंत. तुमच्या घरी. मी काय काय बोलत होते तुमच्यासमोर, आणि तुम्ही रोल देत होता मला.”

“हो, कॉरिन.”

“नुसतं हो हो करू नका. राग काढायलाही जागा ठेवत नाही तुम्ही.” कॉरिनने ताटातला मासा काट्याने बाजूला सारला. “बाबांना काय वाटायचं माहीत आहे? की ॲडेल विसरली.”

“ॲडेल कोण?”

“ॲडेल हद्दाद. त्यांची सेक्रेटरी. बाबांनी तिला सांगितलं होतं पाकीट द्यायला. पोच नाही म्हटल्यावर त्यांना वाटलं, हिने कुठेतरी ठेवलं आणि घाबरून दिलं म्हणतेय. ते बोलले नाहीत तिला. बाबा कोणालाच काही बोलायचे नाहीत. फक्त वर्षभरात तिची बदली क्लीव्हलंडला झाली. तिची आई अंथरुणावर होती, ती जाऊ शकली नाही. नोकरी सोडली तिने. दर नाताळात आमच्याकडे कार्ड यायचं तिचं. आई उघडायची. बाबा हात लावायचे नाहीत.”

इर्माने काठी घट्ट धरली. या बाईचा तिने कधी विचारच केला नव्हता. पस्तीस वर्षं तिच्या मनातल्या त्या कोर्टात तीनच माणसं होती. ती, ऑस्टरमन, हॉलिस.

“आहे का ती?”

“गेल्या नाताळात कार्ड आलं होतं. पेरिसबर्गला असते.” कॉरिनने कार्यक्रमपत्रिकेच्या मागे पत्ता लिहिला. “मी नेणार नाही तुम्हाला. तुमच्या शेजारी बसून गाडी चालवायला अजून वेळ लागेल मला.”

“मी बसने जाईन.”

“बस नाही जात तिकडे,” कॉरिन उठता उठता म्हणाली. “टॅक्सी करा.”

मंगळवारी इर्मा गेली. बरोबर कोर्टातून काढलेली पाकिटाची शिक्क्याची नक्कल होती. पेरिसबर्गला नदीकाठी एका लहान घरात ॲडेल हद्दाद राहत होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, ठेंगणी, केस नीट विंचरलेले. दारात उभी राहून तिने सगळं ऐकून घेतलं. नक्कल हातात घेतली, खिडकीच्या उजेडात नेऊन वाचली.

“पॅटी नव्हती त्या दिवशी,” ती म्हणाली. “आत या. चहा टाकलाय.”

“तुम्हाला माहीत होतं?”

“मीच नेलं होतं की. पायी. पाऊस पडत होता, म्हणून कोटाच्या आत धरलं. पुढच्या खोलीत कोणी नव्हतं. आतून तुमचा आवाज येत होता, फोनवर केकचं काहीतरी चाललं होतं तुमचं. चॉकलेट नको म्हणत होतात. मी टेबलावर ठेवलं, ढिगाच्या अगदी वर, आणि आले.”

इर्मा बसली. पस्तीस वर्षांपूर्वीचा तो फोन तिला स्वतःला आठवत नव्हता.

“हे तुम्ही ऑस्टरमनना सांगितलं होतं?”

“ठेवलं म्हणून सांगितलं. केकचं कशाला सांगू? त्यांनी मान हलवली. मग खटल्याच्या त्या दुपारी तुम्ही उभ्या राहिलात ना, तेव्हा मी कोर्टातच होते. मागच्या बाकावर. कोट घालूनच बसले होते. म्हटलं, आता बोलावतील मला.” ॲडेलने कपात चहा ओतला, न सांडता. “साहेबांनी एकदा मागे वळून बघितलं. मी उठायला लागले. त्यांनी मान फिरवली.”

“आमच्यात तसं करत नसत,” इर्मा म्हणाली. “वकिलाच्या शब्दासमोर...”

“माहीत आहे मला तुमच्यातलं. सतरा वर्षं तुमचीच पत्रं टाइप केली.” ॲडेल समोर बसली. “मला कोणी विचारलंच नाही हो. साहेबांनी नाही, तुम्ही नाही, जज्जसाहेबांनी नाही. एक प्रश्न होता सगळा.”

खिडकीबाहेर नदी संथ चालली होती. इर्माने पर्समधून वही आणि पेन काढलं. वही तिने टेबलावर उघडून ठेवली.

“मिस हद्दाद,” ती म्हणाली, “दहा एप्रिलच्या दुपारी तुम्ही कुठे होता?”

ॲडेलने कप खाली ठेवला, पाठ ताठ केली, दोन्ही हात मांडीवर घेतले.

“ऑफिसात होते,” ती म्हणाली. “अडीच वाजले होते. लिहा.”